फोड कुठल्या थरात आहे? जुन्या फायबरग्लास बोटींच्या एका दुखण्याचा इतिहास

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने एक तक्ता केला होता. फायबरग्लासच्या बोटींना येणारे फोड हा माझ्या एका प्रकरणाचा विषय. जुनी बोटिंगची मासिकं, दुरुस्तीच्या पुस्तिका, सर्व्हेअरचे अहवाल असं जे हाताला लागेल ते वाचायचं, त्यात 'ऑस्मॉसिस' हा शब्द दिसला की बोटीचं साल आणि बांधणीचं ठिकाण टिपायचं आणि तक्त्यात एक ओळ वाढवायची. तक्ता भराभर भरला. त्यावरून आलेखही निघाला आणि आलेख दिसायलाही झकास होता. मॅडमना दाखवला. त्यांनी दोन मिनिटं बघितला आणि एवढंच विचारलं, "यातले रंगाचे फोड किती आणि बोटीचे किती?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण मी शब्द मोजले होते, फोड मोजलेच नव्हते.

आजची पोस्ट त्या एका प्रश्नाबद्दल आहे. तुमच्यापैकी बहुतेकांचा बोटींशी काही संबंध येणार नाही, हे मला माहीत आहे. पण 'लक्षण', 'कारण' आणि 'निदान' या तीन गोष्टी एकमेकींत कशा मिसळतात आणि त्या वेगळ्या करायला माणसांना किती वर्षं लागतात, हे दाखवणारं याच्याइतकं सोपं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसला असाल तर एकदा वाचाच.

आधी बोट कशी बनते ते बघू

१९३२ मध्ये अमेरिकेतल्या ओवेन्स-इलिनॉय या काचेच्या कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेचे ठोकळे एकमेकांना सांधायच्या खटपटीत होता. दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर बसला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. त्याच कामातून पुढे १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी उभी राहिली. त्याच दशकात कार्लटन एलिस यांनी पॉलिस्टर रेझिनची पेटंटं घेतली. काचेचे तंतू आणि हे रेझिन एकत्र आणून १९४२ मध्ये ओहायोतल्या रे ग्रीन यांनी एक छोटी होडी बनवली. मग युद्ध संपलं, रेझिन बाजारात आलं आणि लाकडी बोटींचं जग हळूहळू बदलू लागलं.

मोठा टप्पा आला १९५९ च्या जानेवारीत. ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्रिस्टल गावच्या क्लिंटन आणि एव्हरेट पीअर्सन या चुलत भावांनी न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात 'ट्रायटन' नावाची २८ फुटी शिडाची बोट मांडली. आराखडा कार्ल अल्बर्ग यांचा. पुढच्या काही वर्षांत अशा सातशेहून जास्त बोटी बनल्या. घरच्या मंडळींना घेऊन फिरता येईल अशी बोट साच्यातून एकापाठोपाठ एक काढता येते, हे त्यातून सिद्ध झालं. ऱ्होड आयलंड हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

या नव्या बोटी विकल्या गेल्या त्या एका वचनावर. लाकूड कुजतं, त्याला किडे लागतात, फटी भराव्या लागतात. फायबरग्लासला यातलं काही नाही, घ्या आणि वापरा. म्हणूनच काही वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढल्यावर बुडाशी फोड दिसले, तेव्हा मालकांना दुरुस्तीच्या खर्चासोबत विश्वासघाताचाही धक्का बसला. हा भावनिक भाग लक्षात ठेवायला हवा, कारण त्या काळातल्या बऱ्याच लिखाणाचा सूर त्यातून आला आहे.

आता रचना. फायबरग्लासची बोट बाहेरून आत अशी बनते. पोकळ साच्याला आतून मेण लावतात, म्हणजे बोट नंतर सुटून येते. मेणावर जेलकोट फवारतात. जेलकोट म्हणजे रंग मिसळलेला रेझिनचा थर, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. बोटीची जी चकाकी आपल्याला दिसते ती याची. त्यावर आखूड काचतंतूंची मॅट, मग विणलेलं जाड काचकापड, पुन्हा मॅट, असे थर रेझिनमध्ये भिजवत बसवतात. या सगळ्या घट्ट झालेल्या थरांना मिळून लॅमिनेट म्हणतात. बोट साच्यातून निघाल्यावर पाण्याखालच्या भागाला प्रायमर आणि त्यावर अँटिफाउलिंग रंग लागतो. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून हा विषारी रंग, बहुतेक वेळा तांब्याचा. तो मालक दर एक-दोन वर्षांनी नव्याने लावत राहतो.

म्हणजे तीस-चाळीस वर्षांच्या बोटीच्या बुडाशी बाहेरून आत गेलं तर काय मिळेल? अँटिफाउलिंगचे कितीतरी हात, प्रायमर, मधल्या काळात कोणी दुरुस्ती केली असेल तर इपॉक्सीचा थर, मग जेलकोट, मग पहिली मॅट, मग मुख्य लॅमिनेट. कांद्याच्या पापुद्र्यांसारखं प्रकरण आहे. आणि फोड यातल्या कुठल्याही दोन पापुद्र्यांच्या मध्ये येऊ शकतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र सगळे सारखेच दिसतात: गोल, फुगीर, वाटाण्याएवढे किंवा नाण्याएवढे.

फोड फोडून बघायचा असतो

अनुभवी सर्व्हेअर काय करतो ते सांगते, कारण या विषयाचं सगळं तर्कशास्त्र त्या कृतीत आहे.

पहिली गोष्ट वेळेची. बोट पाण्याबाहेर आल्या-आल्या बघायचं. उन्हा-वाऱ्यात काही दिवस उभी राहिली की बरेच फोड बसतात आणि पुरावाच नाहीसा होतो.

मग डोळ्यांना चष्मा लावून एक फोड टोचायचा. चष्मा दिखाव्यापुरता नाही. आत दाब असेल तर पिचकारी उडते आणि ते पाणी डोळ्यात जाणं चांगलं नाही. जे बाहेर येतं त्याला तीन प्रश्न विचारायचे. वास कसा आहे? साधं पाणी असेल तर वास नाही. व्हिनेगरसारखा आंबूस किंवा स्टायरीनचा उग्र वास आला तर रस थेट रेझिनमधून आला आहे. दोन बोटांत चोळल्यावर कसं लागतं? पाण्यासारखं की तेलकट, बुळबुळीत? बुळबुळीत असेल तर त्यात ग्लायकॉल आहे. तिसरा प्रश्न लिटमससारख्या पट्टीला विचारायचा. शाळेत आपण ज्याला सामू म्हणायचो तो पीएच मोजायचा. रंगाच्या फोडातलं पाणी साधारण उदासीन असतं. जेलकोटच्या आतल्या फोडातला द्रव बहुधा आम्लधर्मी निघतो.

यानंतर तासणी घेऊन त्या जागेचा रंग खरवडायचा. फोड रंगाबरोबरच निघून आला आणि खाली जेलकोट गुळगुळीत, सलग दिसला, तर दुखणं रंगाचं. रंग गेला तरी उंचवटा राहिला, किंवा खाली जेलकोटमध्ये खळगा दिसला, तर दुखणं जेलकोटच्या मागचं. खळग्याच्या तळाशी पांढुरके, सुटे झालेले काचेचे धागे दिसले किंवा छोट्या हातोडीने ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आणखी आत, लॅमिनेटमध्ये शिरायला हवं.

तीन जागा, तीन वेगळी दुखणी. रंगाचा फोड म्हणजे पूर्वी कोणीतरी पृष्ठभाग नीट घासला नव्हता, साच्याचं मेण राहिलं होतं, दोन न जुळणारे रंग एकमेकांवर चढवले होते किंवा पहिल्या हातातलं द्रावक उडून जायच्या आत दुसरा हात मारला होता. इलाज: खरवडा, घासा, नीट रंगवा. जेलकोटमागचा फोड हा बोटीच्या बांधणीशी आणि तिच्या वयाशी जोडलेला. तिथे जेलकोट काढणं, धुणं, महिनोन्महिने सुकवणं, इपॉक्सीचे हात देणं असं काम निघू शकतं. लॅमिनेटमधला फोड तर थेट ताकदीचा प्रश्न. पहिल्या आणि शेवटच्या इलाजातल्या खर्चाचं अंतर इतकं की, काही जुन्या बोटींच्या बाबतीत तेवढ्यात दुसरी बोट येईल. म्हणून 'कुठल्या थरात' हा प्रश्न आधी. तो चुकला तर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशी गत होते.

आणि 'ऑस्मॉसिस' हा शब्द आला कुठून?

परासरण आपण सगळ्यांनी शाळेत शिकलोय. सुकलेले बेदाणे पाण्यात टाका, ते टम्म फुगतात. साल पाण्याला आत येऊ देते, आतली साखर बाहेर जाऊ देत नाही. पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी जातं आणि दाब तयार होतो. फ्रान्समध्ये आबे नोले यांनी १७४८ मध्ये डुकराच्या मूत्राशयाचा पडदा लावून हेच पाहिलं होतं. त्याला नाव देण्याचं काम १८२० च्या दशकात आंरी द्युत्रोशे यांनी केलं. दाबाचं गणित व्हान्ट हॉफ यांनी १८८० च्या दशकात मांडलं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ सालचं, त्यांना मिळालं.

बोटीच्या बाबतीत जेलकोट म्हणजे बेदाण्याची साल. तो जलरोधक दिसतो, पण पाण्याचे रेणू त्यातून संथपणे आत जातातच. आत पाण्यात विरघळणारं काही नसेल तर फारसं बिघडत नाही. पण पॉलिस्टर रेझिनमध्ये थोडं ग्लायकॉल अभिक्रिया न होता उरलेलं असू शकतं. मॅटचे तंतू एकत्र धरायला वापरलेलं बंधकद्रव्य असतं. शिवाय पॉलिस्टर म्हणजे एस्टर बंधांची साखळी, आणि पाण्याने एस्टर बंध तुटतात. याला जलअपघटन म्हणतात. ते तुटले की ग्लायकॉल आणि आम्ल सुटतं. ही द्रव्यं एखाद्या पोकळीत, नीट न भिजलेल्या धाग्यांपाशी, हवेच्या बुडबुड्यात पाण्यात विरघळली की दाट द्रावण तयार होतं. मग ते बाहेरून आणखी पाणी ओढतं, दाब वाढतो आणि जेलकोट फुगतो. आंबूस वास, बुळबुळीतपणा, कमी सामू, या सगळ्याचं स्पष्टीकरण यात मिळतं.

यातून एक उलटं वाटणारं सत्यही निघतं. आपल्याला वाटतं खारं पाणी जास्त वाईट. पण समुद्राचं पाणी स्वतःच एक द्रावण आहे आणि त्याचा परासरण दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २५ पट असतो. फोडातल्या द्रावणाची ओढ तेवढी कमी पडते. गोड्या पाण्यात हा प्रतिकार नाही. म्हणून बाकी सगळं सारखं असेल तर गोड्या आणि कोमट पाण्यात फोड लवकर येतात.

इथपर्यंत विज्ञान नीट आहे. गडबड भाषेत झाली. इंग्लंडमध्ये या दुखण्याचं नावच 'ऑस्मॉसिस' पडलं. "माझ्या बोटीला ऑस्मॉसिस झालाय" असं लोक बोलू लागले, जसं आपण "त्याला कावीळ झालीय" म्हणतो. अमेरिकेत मात्र 'फोड' किंवा 'बोटीच्या देवी' अशा अर्थाचे शब्द रुळले. फरक छोटा वाटेल, पण बघा: अमेरिकन नाव लक्षणाचं आहे, ब्रिटिश नाव कारणाचं. कारणाचं नाव दिलं की निदान झाल्यासारखं वाटतं आणि पुढे कोणी फोड टोचत नाही.

आणखी एक पेच आहे. रंगाखाली अडकलेलं द्रावक किंवा रंगवण्याआधी न धुतलेलं मीठ हेसुद्धा पाणी ओढतं. म्हणजे रंगाचे काही फोडही परासरणानेच येतात! यंत्रणा तीच, पण थर वेगळा, धोका वेगळा, इलाज वेगळा. त्यामुळे "हा ऑस्मॉसिस आहे का?" हा प्रश्नच अपुरा ठरतो. उत्तर 'हो' आलं तरी बोटीचं काय करायचं ते कळत नाही.

दोन प्रकरणं ज्यांनी समज बदलली

पहिलं प्रकरण व्हॅलियंट ४० या बोटीचं. रॉबर्ट पेरी यांनी आराखडा केलेली ही दूरच्या सफरींची नावाजलेली बोट वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम इथे युनिफ्लाइट कंपनी बांधत असे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे सहज पेट न घेणारं रेझिन वापरलं गेलं. हेतू चांगलाच होता, आगीपासून सुरक्षितता. पण त्या काळातल्या बोटींना पुढे मोठाले फोड आले आणि ते फक्त पाण्याखाली आले नाहीत, पाणरेषेच्या वरही आले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावं. 'समुद्राचं पाणी आत शिरतं म्हणून फोड येतात' एवढंच स्पष्टीकरण असेल तर पाणरेषेच्या वर फोड का? कारण पाऊस, दव, दमट हवा यांतूनही पाणी मिळतंच. फोड येणार की नाही ते आत विरघळण्याजोगं काय आणि किती आहे यावर ठरतं. बोट कुठे उभी होती, एवढं विचारून भागत नाही, ती कशाची बनली होती हेही विचारायला लागतं. न बसणाऱ्या एका उदाहरणाने प्रश्नाची दिशा बदलली.

दुसरं प्रकरण १९८७ चं. ऱ्होड आयलंड विद्यापीठातल्या थॉमस रॉकेट आणि व्हिन्सेंट रोझ यांनी अमेरिकन तटरक्षक दलाच्या अनुदानातून बोटींच्या फोडांच्या कारणांवर अहवाल लिहिला. पीअर्सन बंधूंनी जिथे ट्रायटन बांधली, त्याच चिमुकल्या राज्यात अठ्ठावीस वर्षांनी तिच्या पिढीच्या दुखण्याचा शोध घेतला गेला. त्यांच्या मांडणीचा गाभा होता पाण्यात विरघळणारी द्रव्यं. पाणी आत जातं ते थांबवता येत नाही, फक्त मंद करता येतं. आत ती द्रव्यं कुठून येतात, कुठे साचतात आणि तिथे तडा कसा जातो, यावर लक्ष द्यायला हवं. रेझिनचा प्रकार, मॅटचं बंधकद्रव्य, धागे किती नीट भिजलेत, पोकळ्या किती राहिल्या, असे सुटे सुटे घटक त्यातून चर्चेत आले. ऑर्थोफ्थॅलिक रेझिनपेक्षा आयसोफ्थॅलिक पाण्याला जास्त टिकतं आणि व्हिनाइल एस्टर त्याहून चांगलं, ही जाणीव बांधणाऱ्यांमध्ये पसरली. पुढे बऱ्याच कारखान्यांनी जेलकोटच्या मागे व्हिनाइल एस्टरचा थर द्यायला सुरुवात केली.

पद्धतीबद्दलही एक टीप. बोटीला फोड यायला वर्षं लागतात, प्रयोगशाळेला तेवढी सवड नसते. म्हणून असे नमुने गरम पाण्यात ठेवून प्रक्रिया वेगाने घडवतात. याने घटकांची आपसात तुलना चांगली होते. पण "गरम पाण्यात इतके दिवस म्हणजे बंदरात इतकी वर्षं" हे समीकरण जपून वापरावं लागतं, कारण तापमान वाढवलं की सगळ्या अभिक्रिया सारख्या प्रमाणात वेगवान होत नाहीत. तुमच्या विषयात असा 'वेगवान' प्रयोग असेल तर हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

मीटर आला आणि साप साप म्हणून भुई धोपटली गेली

ओल मोजणारं मीटर हे सर्व्हेअरच्या हातातलं लाडकं यंत्र. बोटींच्या सर्व्हेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारात यंत्र पृष्ठभागावर टेकवतात आणि ते आतल्या पदार्थाचा विद्युत प्रतिसाद बघतं. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ८० च्या आसपास, काच-पॉलिस्टरचा चार-पाच. म्हणून ओल असली की काटा चढतो. तत्त्व बरोबर आहे.

पण काटा आणखी कशाकशाने चढतो? अँटिफाउलिंगमधल्या तांब्याने. आतल्या बाजूला टेकलेल्या पाण्याच्या टाकीने. धातूच्या पट्टीने. पृष्ठभागावरच्या दवाने. ग्लायकॉलनेही. शिवाय कित्येक वर्षं पाण्यात राहिलेलं लॅमिनेट थोडं पाणी शोषून बसतंच, मग त्याला फोड असोत वा नसोत. म्हणून शहाणा सर्व्हेअर रंग खरवडून मोजतो, पाणरेषेच्या वरच्या कोरड्या भागाचा आकडा तुलनेला घेतो, बोट बाहेर काढून काही दिवस गेल्यावर पुन्हा मोजतो आणि आकड्यापेक्षा आकड्यांमधल्या फरकाकडे बघतो.

ज्यांनी हे केलं नाही त्यांनी एकही फोड नसलेल्या बोटीवर 'ऑस्मॉसिस'चा शिक्का मारला. बोटीची किंमत पडली. मालकांनी घाबरून सगळा जेलकोट सोलून काढायची कामं दिली. खरं तर बुडाशी असलेल्या थोड्याशा वरवरच्या फोडांनी बोट बुडत नाही. नुसतं लक्ष ठेवून, मोजके फोड उघडून, धुऊन, भरून काम भागतं. पण मोठा इलाज करूनही काहींचे फोड परत आले, कारण धुण्यात कसूर झाली होती. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं. ते नुसतं हवेवर ठेवून उडून जात नाही, उलट हवेतली आर्द्रता ओढतं. ते गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊनच काढावं लागतं. ते न धुता बाहेरून इपॉक्सीचं कवच चढवलं की बेदाणा नव्या सालीत बंद केल्यासारखं होतं.

'१९७३ नंतर सगळं बिघडलं'

जुन्या बोटींच्या कुठल्याही गप्पांत एक गोष्ट हमखास ऐकू येते. १९७३ च्या तेलसंकटात रेझिन महागलं, कंपन्यांनी मिश्रणं बदलली, म्हणून त्याआधीच्या बोटी पक्क्या आणि नंतरच्या फोडांच्या. सुटसुटीत गोष्ट आहे: एक साल, एक खलनायक.

माझा पहिला आलेख याला दुजोरा देत होता! म्हणूनच मॅडमच्या प्रश्नाने मी जास्त हादरले. नीट विचार केल्यावर दुसऱ्या शक्यता दिसायला लागल्या. फोडांवर लिहिणंच जर नंतर वाढलं असेल, तर आधीच्या बोटींचे फोड नोंदलेच गेले नसतील. पहिल्या पिढीतल्या ज्या बोटी आज उरल्यात त्या उरल्यात म्हणजेच चांगल्या होत्या. वाईट होत्या त्या मोडीत गेल्या आणि नमुन्यातूनच बाहेर पडल्या. न्यू इंग्लंडसारख्या थंड भागात बोटी हिवाळ्यात महिनोन्महिने जमिनीवर सुकतात, फ्लोरिडात वर्षभर कोमट पाण्यात उभ्या असतात. उत्पादन वाढलं तसे फवारणीने तंतू बसवणारे कारखाने वाढले, कामगार बदलले, लॅमिनेट पातळ झाली. यातलं प्रत्येक कारण कालक्रमाने १९७३ च्या आसपास येतं.

तेलाची गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती सिद्ध करायची असेल तर काय लागेल ते विचारा: एकाच कारखान्याच्या, एकाच साच्याच्या, त्या सालाच्या आधीच्या आणि नंतरच्या बोटी, सारख्या पाण्यात राहिलेल्या, आणि प्रत्येकीचा फोड कुठल्या थरात होता याची नोंद. ही शेवटची अटच बहुतेक कागदपत्रं पूर्ण करत नाहीत.

कोण बोलतंय तेही बघा

या विषयाची साधनं मोजकी आहेत आणि प्रत्येकाला आपली जागा आहे. बांधणाऱ्या कंपनीला फोड हा मालकाच्या हलगर्जीपणाचा भाग वाटतो. मालकाला तो बांधणीतला दोष वाटतो. दुरुस्तीवाल्याला मोठं काम दिसतं. सर्व्हेअरला भीती असते की आपण काही सुटू दिलं तर उद्या दावा लागेल, म्हणून तो जास्तीचं लिहितो. मिशिगनमधल्या गूजन बंधूंच्या कंपनीने फोडांचं निदान आणि दुरुस्ती यावर चांगली पुस्तिका काढली. त्यांचा धंदा इपॉक्सीचा, आणि पुस्तिकेत इलाज इपॉक्सीचाच. यामुळे पुस्तिका खोटी ठरत नाही. मी स्वतः तिच्यातून पुष्कळ शिकले. फक्त वाचताना ती कोणी छापली हे लक्षात ठेवायचं.

आपल्याकडे या विषयाला जागा आहे का? कोकणात आणि गोव्यात फायबरच्या होड्या आता सगळीकडे दिसतात. पण बऱ्याच लहान होड्या वाळूवर ओढून ठेवतात, आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. वर्षभर बंदरात उभ्या असलेल्या यॉटचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तिथे कोणी काम करणार असेल तर पहिली पायरी तीच: फोड दिसला की टोचा, हुंगा, खरवडा आणि थर लिहा.

तक्त्याचं पुढे काय झालं

मी तो पुन्हा केला. या वेळी 'ऑस्मॉसिस: हो/नाही' हा रकाना काढून टाकला. त्याऐवजी चार रकाने केले: फोड उघडला होता का, द्रवाबद्दल काही लिहिलंय का, रंग खरवडल्यावर खाली काय दिसलं, आणि हे कोणी लिहिलं. बहुतेक ओळींमध्ये पहिले तीन रकाने कोरे राहिले. झकास आलेख गेला. दोन आठवडे मला वाटत होतं की माझं प्रकरणच बुडालं.

मग लक्षात आलं की ते कोरे रकाने हेच माझं प्रकरण आहे. फोडांच्या नोंदींपैकी मोठा हिस्सा फोड न उघडता केलेला आहे, तरी त्या नोंदींवर बोटींच्या किमती ठरल्या, भांडणं झाली, जेलकोट सोलले गेले. फायबरग्लास बोटींच्या फोडांचा इतिहास लिहायचा तर तो रेझिनच्या रसायनाचा आणि न तपासलेल्या निदानांचा, असा दोन्हींचा मिळूनच लिहावा लागतो.

तेव्हा तुमच्या प्रस्तावातला सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द शोधा. 'दुष्काळ' असेल, 'स्थलांतर' असेल, 'गळती' असेल. तो लक्षणाचं नाव आहे की कारणाचं, ते बघा. तुमच्या साधनांमध्ये तो शब्द वापरणाऱ्याने फोड उघडून बघितला होता का, तेही बघा. नसेल बघितला, तर तेवढा एक रकाना तक्त्यात वाढवा. आलेख उशिरा निघेल, पण मॅडमनी विचारलं की उत्तर देता येईल.